खडबडीत वाटेची बाबागाडी: आधी रस्ता बघा, मग चाक

मुलगी अकरा महिन्यांची असताना आम्ही माथेरानला गेलो. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारी जात नाहीत, तेव्हा गाडी तिथं लावायची आणि बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर बाबागाडी ढकलत मजेत जायचं, असा बेत होता. बाबागाडी भेट मिळालेली, दिसायला देखणी, छोट्या छोट्या जोडचाकांची. पेव्हर ब्लॉकच्या पट्ट्यावर ती खडखडत का होईना, चालली. ब्लॉक संपले, लाल माती आणि मधूनच डोकं वर काढणारा जांभा सुरू झाला, तशी पुढची चाकं आडवी फिरून रुतायला लागली. पंधरा मिनिटांनी मुलगी माझ्या कडेवर होती, बाबागाडी नवऱ्याच्या खांद्यावर, आणि एक घोडेवाला आमच्या बाजूनं चालत होता. घाई नव्हती त्याला. आम्ही थकणार हे त्याला ठाऊक होतं.

त्यानंतर आम्ही मोठ्या चाकांची, हवेच्या टायरची बाबागाडी घेतली. बाजारात तिला ऑल-टेरेन स्ट्रोलर म्हणतात. जे मुलाला घेऊन पळतातही, त्यांच्यासाठीच्या प्रकाराला जॉगिंग स्ट्रोलर म्हणतात. ती निवडताना मी ज्या चुका केल्या आणि ज्या थोडक्यात टळल्या, त्या लक्षात ठेवून हे लिहिते आहे. पहिलं मूल आहे, टेकडीवर जायची सवय सोडायची नाही आणि दुकानात गेल्यावर सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात, अशांसाठी.

खरेदीच्या आधीचा आठवडा

दुकानात जायच्या आधी आठवडाभर तुमच्या नेहमीच्या वाटा बाबागाडी ढकलत असल्यासारख्या चालून बघा. एरवी आपण फुटपाथवर चढतो, उतरतो, उघड्या चेंबरला वळसा घालतो, आणि पायांना ते कळतही नाही. हाताशी चाकं आली की प्रत्येक गोष्ट कळते.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या निकषांत फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी असं आहे. पुण्यात जंगली महाराज रस्त्याच्या नव्या फुटपाथवर चाललात की हे निकष कुणीतरी वाचले असावेत असं वाटतं. तिथून डावी-उजवीकडे कुठल्याही गल्लीत वळा, म्हणजे उरलेलं पुणे भेटतं. फुटपाथवर दुचाक्या चढू नयेत म्हणून रोवलेले स्टीलचे खांब हा आणखी एक अडथळा. मोठ्या चाकांच्या बाबागाड्या मागच्या बाजूला ६५ ते ७० सेंटिमीटर रुंद असतात. रोजच्या वाटेवरच्या दोन खांबांमधलं अंतर टेपनं मोजून घ्या. लोक बघतील, बघू देत.

आठवडाअखेर कागदावर एवढंच लिहा: रोज काय, महिन्यातून काय, वर्षातून काय. आमच्या कागदावर रोज सोसायटीचे पेव्हर ब्लॉक आणि फुटपाथ होता, दर रविवारी टेकडी, आणि वर्षातून दोनदा कोकण. यातलं 'रोज' आणि 'रविवार' बघून गाडी निवडायची. 'वर्षातून दोनदा'साठी निवडलेली गाडी उरलेले तीनशे साठ दिवस जड वाटते.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते. किल्ल्यांसाठी बाबागाडी शोधत असाल तर शोधू नका. सिंहगडाची पायवाट असो की रायगडाच्या पायऱ्या, चाकं तिथं निरुपयोगी आहेत. पाठीवर घ्यायची, कमरेला पट्टा असलेली, फ्रेमची पाठपिशवी मिळते. मूल मान धरून आधाराशिवाय नीट बसायला लागलं की ती वापरता येते. ज्यांचं फिरणं म्हणजे गडच, त्यांनी सगळे पैसे तिकडे लावावेत आणि शहरासाठी हलकी साधी बाबागाडी ठेवावी.

चाक

बाबागाडीची चाकं एवढी छोटी का झाली याला कारण आहे. १९६५ मध्ये ओवेन मॅक्लॅरन या ब्रिटिश विमान अभियंत्यानं ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी काढली. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या जोडणीवर त्यानं काम केलं होतं, त्यामुळे मिटवायची कला त्याच्या हातात होती. वजन तीन किलोच्या आसपास. विमानात, बसमध्ये, काखेत कुठंही मावणारी. जगभर तीच पद्धत रूढ झाली. मिटून छोटं व्हायचं तर चाक छोटं हवं, आणि छोटं चाक गुळगुळीत रस्ता मागतं. १९८४ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावच्या फिल बेक्लर या पत्रकारानं उलट वाट धरली. मुलाला घेऊन पळता यावं म्हणून त्यानं बाबागाडीला सायकलची चाकं बसवली. आजच्या तीनचाकी जॉगिंग स्ट्रोलरचा जन्म तिथला.

चाकाच्या आकारानं किती फरक पडतो, ते साध्या गणितानं कळतं. फुटपाथवर एक फरशी दुसरीपेक्षा तीन सेंटिमीटर वर आली आहे असं धरा. १५ सेंटिमीटर व्यासाचं चाक तिच्यावर आडव्या धक्क्यानं चढवायचं तर त्या चाकावर जेवढं वजन आहे त्याच्या १.३३ पट जोर लागतो. ३० सेंटिमीटर, म्हणजे १२ इंचाच्या चाकाला पाऊणपट पुरतो. ४० सेंटिमीटरच्या म्हणजे १६ इंची चाकाला त्याहूनही कमी. म्हणून छोट्या चाकांची गाडी अडते तेव्हा आपण हँडल दाबून पुढची चाकं उचलतो. फुटपाथभर हेच करत राहिलं की संध्याकाळी मनगटं बोलायला लागतात.

तेव्हा पहिला नियम: पुढचं चाक १२ इंच आणि मागची १६ इंच, ही टेकडी, कच्चा रस्ता आणि पळण्यासाठीची जोडी. स्वीडनच्या थुलेची अर्बन ग्लाइड, अमेरिकेतली बॉब, बेबी जॉगरची समिट या ओळखीच्या गाड्या साधारण याच मापाच्या. पुढचं ८ आणि मागचं १०-१२ इंच असलेल्या गाड्या मधल्या. शहरातले वाईट रस्ते, बागेतला मुरूम, सोसायटीतले गतिरोधक यांना त्या पुरतात, आणि मिटून छोट्या होतात. याहून लहान, टणक प्लॅस्टिकची चाकं असलेल्या गाडीच्या खोक्यावर 'ऑल टेरेन' लिहिलेलं असलं तरी तो टेरेन मॉलमधला समजा.

आता टायर. हवेचे, फोमने भरलेले आणि भरीव रबरी, असे तीन प्रकार सर्रास दिसतात. हवेच्या टायरसारखा आराम दुसरा देत नाही. खडीवरून जाताना छोटे धक्के टायरच गिळतो, स्प्रिंगपर्यंत पोचूच देत नाही. पण आपल्याकडे टेकड्यांवर बाभूळ आहे. बाभळीचा वाळलेला काटा सायकलचं टायर सोडत नाही, तिथं बाबागाडीच्या पातळ टायरची काय कथा! आमचं पहिलं पंक्चर दुसऱ्याच रविवारी झालं, पुण्यातल्या वेताळ टेकडीवर. गाडी एका बाजूला कलंडल्यासारखी चालायला लागली तेव्हा कळलं. यावर दोन उपाय आहेत. एक, ट्यूबमध्ये पंक्चर रोखणारं द्रव सीलंट घालून घ्यायचं. सायकलच्या दुकानात मिळतं, बारीक काट्यांना पुरतं. दोन, सरळ फोमचे टायर असलेली गाडी घ्यायची. त्यात आराम थोडा कमी मिळतो, पण रविवार वाया जात नाही. रोज पळणाऱ्यांनी हवेचेच घ्यावेत. ज्यांच्या घरी सायकलचा पंपसुद्धा नाही आणि आणायची इच्छाही नाही, त्यांनी फोम घ्यावा आणि सुखी राहावं.

हवेचे टायर घेणार असाल तर दुकानातच टायरच्या कडेला छापलेलं माप वाचा. '१६ × १.७५' किंवा '१२ १/२ × २ १/४' असं काही असेल तर ती मुलांच्या सायकलींची नेहमीची मापं आहेत. ट्यूब कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे मिळण्याची शक्यता चांगली. भलतंच माप असेल तर पुढे दर पंक्चरला ऑनलाइन शोधाशोध करावी लागेल. व्हॉल्व्हही बघा. मोटरसायकलला असतो तसा जाड व्हॉल्व्ह असेल तर कुठलाही पंप चालतो. आपल्या जुन्या काळ्या सायकलींचा व्हॉल्व्ह वेगळा असतो, आणि रेसिंग सायकलींचा बारीक नळीचा आणखी वेगळा. त्या दोन्हींसाठी योग्य तोंडाचा पंप किंवा ॲडॉप्टर लागतो.

हवा हातपंपानंच भरा. या टायरांना साधारण ३० पीएसआयच्या आसपास हवा लागते. नेमका आकडा टायरवर असतो. पेट्रोल पंपावरचा कॉम्प्रेसर मोटारीच्या टायरसाठी आहे, बाबागाडीची एवढीशी ट्यूब तो दोन सेकंदांत फोडू शकतो. मऊ वाळूवर जायचं असेल तर हवा थोडी कमी करा, परत डांबरावर आलात की भरा.

वाळूचा विषय निघालाच आहे तर, कोरड्या भुसभुशीत वाळूत कुठलीही बाबागाडी ढकलली जात नाही, जाहिरातीत काहीही दाखवोत. पुढचं चाक रुतलं की गाडी उलटी करून मागे ओढत न्यायची. भरतीच्या रेषेखालची ओली, दाबून बसलेली वाळू मात्र रस्त्यासारखी असते. अलिबाग, मुरूड, मिरामार, कुठंही त्याच पट्ट्यातून चाला. परतल्यावर चाकं गोड्या पाण्यानं धुऊन, पुसून सावलीत वाळवा. खारं पाणी बेअरिंग खातं, आणि ते कुरकुरायला लागेपर्यंत आपल्याला कळत नाही.

पुढचं चाक फिरतं की बांधलेलं

तीनचाकी गाडीचं पुढचं चाक मोकळं असलं की सगळीकडे फिरतं. बाजारात, लिफ्टच्या दारात, दुकानाच्या दोन रांगांत तेच हवं. पण पळताना, उतारावर किंवा खडीवर ते सरळ कुलूपबंद करता आलं पाहिजे. मोकळं चाक वेगात एकदा थरथरायला लागलं की एखाद्या खड्ड्यात आडवं होऊन गाडीच पालथी घालू शकतं. पुढचं चाक लॉक होत नसेल तर त्या गाडीत मुलाला बसवून पळू नका.

लॉक केल्यावर गाडी सरळ जाते का, हे दुकानातच तपासा. सपाट फरशीवर, मूल न बसवता, हलका धक्का देऊन सोडा. तीन-चार मीटरमध्ये ती डावी-उजवीकडे ओढत असेल तर चाकाची रेघ चुकली आहे. चांगल्या गाड्यांत ती स्क्रू फिरवून सुधारता येते. तसा स्क्रू आहे का, ते दुकानदाराला विचारा. त्याला माहीत नसेल तर पुस्तिका मागा.

चाक काढता-घालता येत असेल तर ते नीट बसवायचं कसं, हे घरातल्या प्रत्येकानं शिकून घ्या. पुढचं चाक चालताना सुटल्याच्या सुमारे २०० तक्रारींवरून अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानं २०१८ मध्ये एका मोठ्या कंपनीविरुद्ध कारवाई सुरू केली होती. सायकलसारखा झटकन उघडणारा लिव्हर नीट न आवळल्यानं हे घडतं की मुळात रचनेतच दोष आहे, यावर वाद झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तडजोड झाली. आपल्यापुरतं एवढं: दर वेळी गाडी डिकीतून काढली की पुढचं चाक हातात धरून एक हिसका द्यायचा. मी अजून देते.

टेप घेऊन घरभर

मोठी चाकं म्हणजे मोठी घडी. बहुतेक नवख्यांचे पैसे इथं फसतात. मिटवल्यावर अशी गाडी ८५-९० सेंटिमीटर लांब आणि ६५-७० सेंटिमीटर रुंद राहते. मागची चाकं काढली की चपटी होते, पण लहान होत नाही. वजन ११ ते १३ किलो. मूल दहा किलोचं झालं की दोघांचं मिळून एकवीस ते तेवीस किलो.

आधी लिफ्टचं दार मोजा. जुन्या इमारतींत, विशेषतः जाळीच्या सरकत्या दाराच्या लिफ्टमध्ये, उघड्या दाराची खरी रुंदी मोजा, दार केवढं दिसतं यावर जाऊ नका. मग घराचं दार, आणि गाडी जिथं ठेवणार ती जागा. लिफ्ट नसेल तर आणखी स्पष्ट बोलते: तिसऱ्या मजल्यावर मूल आणि तेरा किलोची गाडी घेऊन एकट्या बाईनं चढायचं नाही. गाडी खाली जिन्याच्या कोपऱ्यात सायकलच्या साखळीनं बांधून ठेवता येते का, हे सोसायटीत आधी विचारून घ्या. आमच्याकडे यावर मीटिंग झाली होती. चहा, बिस्किटं आणि अडीच तास.

मग डिकी. स्विफ्टसारख्या हॅचबॅकची डिकी २६५-२७० लिटरच्या घरात, वॅगन आरची ३४१. आकडे ठीक वाटतात, पण डिकीत सीएनजीची टाकी असेल तर ते आकडे विसरा. आमच्या गाडीत टाकी आहे, त्यामुळे बाबागाडी मागच्या सीटवर आणि मी तिच्या शेजारी, असा प्रवास आम्ही वर्षभर केला. दुकानात जाताना स्वतःची मोटार घेऊन जा आणि मिटलेली बाबागाडी प्रत्यक्ष डिकीत ठेवून, दार लावून बघा. दुकानदार हसेल. त्याला वर्षभर मागच्या सीटवर बसायचं नाही.

बसणाऱ्याचं वय

मोठ्या चाकांच्या गाडीत मूल कधीपासून बसवायचं? साध्या चालण्यासाठी पाठ पूर्ण सपाट होणारी सीट किंवा वेगळा पाळणा बसवता येत असेल तर अगदी लवकरही. तान्ह्याची मान सावरलेली नसते, म्हणून तो आडवाच हवा. काही गाड्यांवर कार सीट बसवायचा ॲडॉप्टर मिळतो; तो शांत चालण्यासाठी, सपाट रस्त्यासाठी.

पळण्याची गोष्ट वेगळी. सहा महिन्यांच्या आधी बहुतेक कंपन्याच नाही म्हणतात, काही आठ महिने सांगतात. खडबडीत वाटेवर धक्के जास्त, तेव्हा मी आठ महिन्यांनंतरच्या बाजूची आहे, आणि तेही डॉक्टरांना विचारून. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळासाठी तर विचारायलाच हवं. अंगणात, गच्चीवर, दुपट्यावर लोळण्याचे महिने असेही पटकन जातात.

वरची मर्यादा वजनाची. युरोपच्या ईएन १८८८ या निकषात १५ किलोपर्यंतच्या आणि त्यापुढे २२ किलोपर्यंतच्या गाड्यांचे वेगळे भाग आहेत. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या काही जॉगिंग गाड्यांवर ७५ पौंड, म्हणजे ३४ किलोपर्यंतची मर्यादा दिसते, पण त्यात मुलाबरोबर खालच्या टोपलीतलं सामानही धरलेलं असू शकतं, पुस्तिका वाचा. लेबलवर ईएन १८८८ किंवा अमेरिकेचा एएसटीएम एफ८३३ दिसला तर चांगलं. काहीच नसेल आणि किंमत मात्र मोठी असेल तर कारण विचारा.

आजीचा एक आक्षेप हमखास येईल: 'बाळ आपल्याकडे बघत नाही.' या प्रकारच्या गाड्यांत सीट बहुधा पुढे तोंड करूनच असते, उलटी फिरवता येत नाही. छतातल्या छोट्या खिडकीतून बघता येतं. आजींना ती पुरेशी वाटत नाही. सासूबाई फिरायला नेत तेव्हा दर वीस पावलांनी थांबून पुढे जाऊन बघत. माझी काही तक्रार नव्हती, मला तेवढी झोप मिळायची.

पट्टे, ब्रेक आणि मनगटातली दोरी

पट्टा पाच ठिकाणी अडकणारा हवा: दोन खांद्यांचे, दोन कमरेचे, एक मांड्यांमधला. तीन ठिकाणांचा पट्टा खडबडीत वाटेवर चालत नाही, मूल खाली सरकतं.

पायानं दाबायचा पार्किंग ब्रेक सगळ्यांना असतो. चढ-उताराच्या भागात राहत असाल तर हँडलवरचा हातब्रेकही घ्या. गाडी आणि मूल मिळून पंचवीस किलो असतील आणि उतार दहाला एक असेल, तर गाडी तुम्हाला सतत अडीच किलोच्या जोरानं खाली खेचत असते. ऐकायला थोडं वाटतं, पण वेताळ टेकडीचा, एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूचा डांबरी रस्ता उतरताना हात भरून येतात. हातब्रेक वेग आवरायला आहे. गाडी सोडून उभं राहायचं असेल तर पायाचाच लावा, आणि गाडी उताराला आडवी उभी करा.

मनगटात अडकवायची दोरी जॉगिंग गाड्यांबरोबर येते आणि बहुतेक घरांत खोक्यातच राहते. ती काढा, बांधा. ठेच लागली, भटक्या कुत्र्यानं दचकवलं, फोन वाजला, हात सुटायला एक क्षण पुरतो.

भाजीची पिशवी हँडलला अडकवायची नाही. मूल बसलेलं असताना चालून जातं, मूल उचललं की गाडी पिशवीसकट मागे कोसळते. पट्टे सोडवायला उशीर झाला तर मुलासकट. भाजी खालच्या टोपलीत.

घडीच्या सांध्यात बोटं अडकण्याचा धोकाही खरा आहे. दुकानात गाडी स्वतः चार वेळा उघडा-मिटा आणि सांधे कुठं कात्रीसारखे मिटतात ते बघा. घरी मूल शेजारी उभं असताना गाडी मिटवायची नाही.

छत, जाळी, पाऊस

छत खूप खाली येणारं घ्या. आपलं ऊन समोरूनही येतं. पण उन्हापासून म्हणून गाडीवर दुपटं किंवा चादर टाकून पूर्ण झाकू नका; आत हवा खेळत नाही आणि बघता बघता भट्टी होते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसात-आठच्या आत घरी या, दुसरा उपाय नाही. पावसाचं प्लॅस्टिक कव्हर पाऊस थांबला की लगेच काढायचं, त्याच कारणासाठी. मच्छरदाणीची जाळी वेगळी घ्यावी लागली तरी घ्या, तिला चेन असलेली उत्तम.

पैसे

चांगली १६ इंची गाडी अमेरिकेत साधारण ४०० ते ७०० डॉलरला मिळते. आपल्याकडे आयात होऊन ती आणखी महाग पडते. त्यामुळे 'न्यू जर्सीहून येणाऱ्या भावाला सांगू' हा मार्ग बऱ्याच घरांत सुचतो. तिथल्या मराठी घरांना या गाडीचा उपयोगही आपल्यापेक्षा जास्त. डेलावेअर अँड रॅरिटन कालव्याकाठची बारीक खडी दाबून केलेली सपाट वाट जणू याच चाकांसाठी बनवली आहे. पण मागवण्याआधी दोन गोष्टी बघा. वॉरंटी बहुधा खरेदीच्या देशापुरतीच असते. आणि खोकं मोठं, वजनदार. विमान कंपनी ते सामानात कसं धरेल हे भावानं आधी विचारावं. बाळाबरोबर प्रवास करणाऱ्यांना बाबागाडी बहुधा मोफत नेता येते, पण बाळाशिवाय निघालेल्या मामाला ती सवलत मागता येत नाही.

माझं स्वतःचं मत जुनी गाडी घेण्याचं आहे. या गाड्यांच्या फ्रेमा मजबूत असतात आणि मुलं त्यातून दोन-तीन वर्षांत बाहेर पडतात. पुणे, मुंबई, बंगळूरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर त्या अधूनमधून येतात. जुनी घेताना फ्रेमच्या वळणांवर आणि जोडांवर चीर आहे का, पट्ट्याचं बक्कल खणखणीत बसतं का, ब्रेक दोन्ही चाकांना धरतो का, हे बघा. चाक उचलून हातानं फिरवा. खरखर आली तर बेअरिंग. टायर आणि ट्यूब बदलता येतात, त्यावर घासाघीस करा. फ्रेम बदलता येत नाही, चीर दिसली की उठा. इंटरनेटवर मॉडेलचं नाव टाकून, दोषामुळे कंपनीनं ते परत मागवलं होतं का, हेही शोधा.

दुकानातली वीस मिनिटं

मुलाला घेऊन जा. ते नसेल तर दहा किलो तांदळाची पिशवी सीटवर ठेवा आणि पट्टा लावा. रिकामी गाडी दुकानात कुठलीही छान चालते.

एका हातानं वळवून बघा. दुकानाच्या बाहेर या, पायरी असेल तर चढवा-उतरवा. घरातलं सगळ्यात बुटकं आणि सगळ्यात उंच माणूस दोघांनी हँडल धरून बघावं. उंची बदलता येत नसेल तर कुणाची तरी पाठ जाणार. चालताना पाय मागच्या दांडीला आपटतो का, तेही बघा. दुकानात चार पावलांत ते कळत नाही, म्हणून लांब ढांगा टाकत वीसेक पावलं चाला. मागचे स्प्रिंग दाबून बघा. काहींत मुलाच्या वजनाप्रमाणे ते कमी-जास्त करता येतात. असेल तर चांगलं, नसेल तर हवेच्या टायरवर भागतं.

पहिला महिना

पहिल्याच दिवशी टेकडी नको. सोसायटीत आठवडाभर फिरवा, लॉक-अनलॉक हाताला सवयीचं होऊ द्या. मग एखादी लांब, सपाट, मोटारी कमी असलेली वाट निवडा. मुंबईकरांना बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीकडे जाणारा डांबरी रस्ता आहे, प्रवेशद्वारापासून सहा-सात किलोमीटर. शेवटी चढ आहे आणि लेण्यांच्या पायऱ्यांपाशी गाडी थांबते, तेव्हा दमायच्या आत परत फिरा. माकडं टोपलीतली केळी बघतात, हे विसरू नका. पळणाऱ्यांनी आधी चालण्याइतक्या वेगानं सुरू करा. गाडी ढकलताना एक हात नेहमी हँडलवर राहतो, हातांची लय बदलते आणि पहिले दोन आठवडे खांदे दुखतात. स्पर्धेत उतरायचं असेल तर नियम आधी वाचा, बऱ्याच शर्यतींत बाबागाडीला मज्जाव असतो.

पंधरा दिवसांनी सगळे बोल्ट एकदा आवळा. नवी गाडी खडबडीत वाटेवर थोडी सैल पडतेच. टोपलीत एक जास्तीची ट्यूब, छोटा पंप आणि टायर उतरवायच्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या ठेवा. टायरवरच्या मापाचा फोटो फोनमध्ये असू द्या, सायकलवाल्याला तो दाखवला की पुढचं बोलणं सोपं जातं.

दुसऱ्यांदा माथेरानला गेलो तेव्हा मुलगी पावणेदोन वर्षांची होती. दस्तुरीपासून बाजारापर्यंत गाडी एकदाही रुतली नाही. पहिली दहा मिनिटं मुलगी तीत बसली. पुढचा सगळा रस्ता तिनं स्वतः गाडी ढकलली, आत आमच्या पाण्याच्या बाटल्या, दोन स्वेटर आणि चिक्कीचे तीन पुडे बसले होते.